दानेलबाबूंची टाकी

माझ्या यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी टाकी आडवी पडलेली आहे. येणारा प्रत्येक व्यापारी आधी तिच्याकडं बघतो. जाड पत्रा, हातानं ठोकलेली रिबिटं; असलं लोखंड आता होत नाही. माझा मुलगा वर्षातून दोनदा विचारतो, "बाबा, काढायची का ती?" मी नाही म्हणतो. तो म्हणतो, "तुम्ही भंगारवाले आहात का पुजारी?" मी त्याला शिवी देतो आणि विषय संपतो.

टाकी माझी नाहीच. ती दानियल शिरसाठ या गृहस्थांची आहे, आणि ते आता नाहीत. ते राहायचे त्या लष्करी छावणीच्या भागात सगळे त्यांना दानेलबाबू म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. त्यांच्यावर माझा एक राग आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. का धरू नये? त्यांनी जिवंतपणी निकाल लावला असता तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो.

मी चितेगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. सायकलला तागडी बांधून गल्लोगल्ली रद्दी-लोखंड गोळा करत शहरात आलो आणि मुकुंदवाडी स्टेशनजवळ रुळाच्या कडेची जागा धरली. शाळा फारशी झाली नाही, जे शिकलो ते बाजारात. आमच्या धंद्याचा नियम एकच आहे. आपल्याला वस्तू पाहिजे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. जो आधी तोंड उघडतो तो जातो. या एका नियमावर मी घर बांधलं आणि दोन पोरी उजवल्या.

रेल्वेची लाईन रुंद झाली, वाफेची इंजिनं गेली, आणि वाटेवरच्या स्टेशनांवर इंजिनांना पाणी पाजायच्या टाक्या लिलावात निघाल्या. त्यातल्या तीन मी उचलल्या. आतला गाळ काढायला माणूस वाकून जाईल एवढं तोंड प्रत्येकीला कापलं आणि तिन्ही यार्डात आडव्या टाकल्या. आठवड्याभरात एका रविवारी सकाळी सायकलवरून एक माणूस आला. पन्नाशीचा, काडीसारखा, पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँटच्या पायाला सायकलची क्लिप. चर्चमधून थेट आल्यासारखा, आणि तो खरंच तिथूनच आला होता.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"टाक्या बघतो."

"बघा. एकही गळत नाही."

"गळू द्या," ते म्हणाले. "मला पाणी नाही भरायचं."

त्यांनी चपला काढल्या. पहिल्या टाकीत डोकं घातलं आणि आत एकच आवाज सोडला, "डूम." थोडं थांबले, मान हलवली, बाहेर आले. दुसऱ्या टाकीत तेच. मला वाटलं, सरकलेला दिसतोय. तिसऱ्या टाकीत मात्र ते वाकून पूर्ण आत गेले. बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला. एवढ्याशा छातीतून एवढा खोल आवाज निघेल यावर मी स्वतः ऐकलं नसतं तर आजही विश्वास ठेवला नसता. माझ्या पत्र्याच्या खुर्चीत झिणझिण्या आल्या. यार्डातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

बाहेर आले तेव्हा चपला घालायचं विसरले होते. स्वतःशीच म्हणाले, "हीच."

ते "हीच" मी ऐकलं. मी किंमत सांगितली ती दुपटीनं.

"बरं," ते म्हणाले.

मी घासाघीस करायला बसलेला माणूस. हातातली रस्सी अचानक सुटावी तसा मी मागं पडलो. "अहो, काही तरी म्हणा की!"

"काय म्हणू?"

"जास्ती सांगितलं म्हणा."

"जास्ती सांगितलं का?"

"व्हय, सांगितलं!"

"असू द्या मग," ते म्हणाले. "फक्त ती इथंच राहील. माझी खोली हिच्याएवढीच आहे. रविवारी येत जाईन. टाकी माझी, जागा तुमची, चहाही तुमचाच."

एवढा अपमान माझा कुठल्या गिऱ्हाइकानं केला नाही. मी चहा मागवला.

त्यानंतर वीस वर्षं ते दर रविवारी आले. रविवारी माझी माणसं सुट्टीवर असायची, कटर बंद, हातोडे बंद. दानेलबाबू सायकल भिंतीला लावायचे, चपला टाकीच्या तोंडाशी जोडून ठेवायचे आणि आत जायचे. मग तासभर ते गायचे. गायचे म्हणजे काय, तर "डूम, डूम, डा-डूम," आणि मग गप्प. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. तेवढी पेरं मोजून झाली की पुन्हा "डूम." गप्प असताना ते कधी समोर बघायचे, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघावी तसं. पहिले काही महिने मला वाटलं, गाण्याचे शब्द विसरतात.

मग एकदा बशीत चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं. सलग नाही, त्यांना सलग सांगता येत नसे. मी जोडून सांगतो.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. विशीत ते एका गेस्ट हाऊसवर कपडे धुवायच्या कामाला होते. वेरूळच्या लेण्यांचे फोटो काढायला आलेला एक अमेरिकन तिथं तीन महिने राहिला. त्याच्याजवळ पेटीतला छोटा ग्रामोफोन होता आणि लहान भाकरीएवढ्या, मध्ये मोठं भोक असलेल्या तबकड्या. ओझं नको म्हणून जाताना सगळं दानेलबाबूंना देऊन गेला. गाणी इंग्रजी, पण वाद्य जवळजवळ नाहीच. चार पोरांचे चार आवाज. एक जण पुढं होऊन गाणं म्हणतो, बहुधा एखादी पोरगी सोडून गेल्याचं. एक जण त्याच्या डोक्यावर बारीक आवाजात तरंगतो. एक मधलं भरतो. आणि एक जण खालून तोंडानंच तबला, पेटी सगळं वाजवत राहतो. त्या बोलांना काही अर्थ नसतो.

"मग कशाला गायचं?" मी म्हणालो.

"अर्थ पुढच्यानं सांगायचा, सेठ. आमचं काम त्याला पडू न देणं."

त्या अमेरिकनानं सांगितलं होतं, तिकडं हे गरिबांच्या पोरांचं गाणं आहे. वाजवायला काही नव्हतं म्हणून पोरांनी तोंडानं वाजवलं. घरात जागा नव्हती म्हणून जिन्याखाली, पुलाखाली उभं राहून गायले, कारण तिथं आवाज घुमतो आणि चौघांचे चाळीस वाटतात. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या गाण्याकडं नीट कान दिला. नाही तर मला इंग्रजी गाण्याशी काय करायचं होतं!

छावणीत चौघं जमले. दानेलबाबू खाली. पाववाल्याचा बशीर पुढं, कारण तो दिसायला देखणा होता आणि उर्दू शाळेत शिकल्यामुळं त्याच्या तोंडी इंग्रजीसुद्धा गजलेसारखी यायची. शाळामास्तरांचा प्रभाकर मध्ये. आणि सालोमन वर. चर्चच्या गायनात दानेलबाबू आणि सालोमन चार आवाजांत भजनं म्हणायला शिकले होते, त्यामुळं रीत ठाऊक होती. घुमणारी जागा मात्र मिळेना. चर्चमधून पाद्रीसाहेबांनी हाकललं. शहराच्या एका दरवाजाखाली उभे राहिले तर टांगेवाल्यांनी शिव्या घातल्या. सालोमनचे वडील लाईनवरच्या एका छोट्या स्टेशनात पाण्याच्या पंपावर होते. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून आतला गाळ काढायचा असे. ते काम या चौघांनी फुकट मागून घेतलं. दोन दिवसांचं काम आठ दिवस चालायचं. अर्धा वेळ घमेली, अर्धा वेळ गाणं.

"पाच उन्हाळे," दानेलबाबू म्हणाले. "पाच उन्हाळे आम्ही याच टाकीत होतो. बाकी वर्षभर ते आवाज डोक्यात."

मग बशीर चुलत्याकडं कराचीला गेला. एक पत्र आलं, दुसरं आलं नाही. प्रभाकरला मुंबईत बँकेत नोकरी लागली, एकदा आला, दानेलबाबूंनी "डूम" म्हटलं तर इकडंतिकडं बघून हसला आणि म्हणाला, "काय रे, अजून तेच पोरकट?" आणि सालोमन कावीळ होऊन गेला, सव्वीस वर्षांचा. दानेलबाबूंनी सगळ्या तबकड्या त्याच्या शवपेटीत ठेवल्या.

"सगळ्या?" मी ओरडलोच. "एवढा माल जमिनीत घातला?"

"आता त्या त्याच्याच होत्या. वरचा आवाज नसला तर बाकीचे तिघं नुसते गुरगुरतात."

पुढं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पावत्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. मी एकदा टोचून विचारलं तर म्हणाले, "चौघांतले तीन गेले. आता पाचवी कुठून आणू?" आणि बशीतला चहा भुर्रकन ओढला.

तर रविवारी ते त्या टाकीत उभे राहून फक्त आपला भाग गायचे. बाकी तिघांच्या जागा सोडून. जागा म्हणजे खरोखरच्या जागा. बशीर समोर, प्रभाकर डाव्या हाताला, सालोमन उजव्या. पहिल्याच वर्षी एकदा भुरभुर पाऊस होता म्हणून मी टाकीत शिरलो आणि त्यांच्या समोर उकिडवा बसलो. ते थांबले.

"सेठ, सरक."

मी डावीकडं सरकलो.

"तिथं नको."

मी उजवीकडं गेलो. त्यांनी नुसतं बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाहेर तोंडाशी बस की. तिथून चांगलं ऐकू येतं."

माझं यार्ड, माझी भिंत, माझा चहा, आणि मी बाहेर पावसात! त्या दिवशी मी ठरवलं की आता हा माणूस स्वतःहून बोलावील तेव्हाच आत पाय ठेवायचा. मला गरज आहे असं दाखवायचं नाही. तिथून पुढं मी टाकीच्या तोंडाशी लाकडी खोक्यावर बसत गेलो.

आता कोणी म्हणेल, तुला गाण्याचं काय? सांगतो. लहानपणी मेंढरांमागं असताना माझी हाळी पंचक्रोशीत ठाऊक होती. मेंढरं वळवायला घालतात ती. छातीतून निघून वर गेली की आवाज फुटतो आणि बारीक होऊन ओढ्यापलीकडं जातो. बाप म्हणायचा, "बाळूची हाळी ऐकून दुसऱ्याची मेंढरंबी वळत्यात." शहरात आल्यावर मी ती कधी घातली नाही. गिऱ्हाईक हसलं असतं. हे मी दानेलबाबूंना कधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे वैताग. एकदा ताडपत्री घ्यायला आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. कॅसेटच्या दुकानात जुनं हिंदी सिनेमातलं गाणं मोठ्यानं लागलं होतं. दानेलबाबू भर रस्त्यात थांबले आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. हे बोट मला ठाऊक होतं. टाकीतही बाकी तिघांपैकी कोणाची गाण्यात शिरायची पाळी आली की ते असंच वर व्हायचं.

"ऐक," ते म्हणाले.

"ऐकतोय. बाई गातेय."

"तिला नको ऐकू. तिच्या मागं ऐक."

मागं खरंच चार-पाच जण काही तरी बिनअर्थाचं, हलकं हलकं म्हणत होते. आमच्या मागं स्कूटर, रिक्षा, हातगाडी तुंबली. एक रिक्षावाला ओरडला, "ओ चाचा! मरना है क्या?"

"एक मिनट, बेटा," दानेलबाबू बोट खाली न करता म्हणाले. "पीछेवाले गा रहे हैं."

"पीछेवाले हम हैं, चाचा!" तो म्हणाला, आणि आख्खा रस्ता हसला.

दानेलबाबूंना हसू आलं नाही. रस्त्याच्या कडेला आल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? गेलं नाही ते. सगळीकडं आहे, फक्त मागं आहे." तेव्हापासून माझे कान नासले. लग्नाचा बँड ऐकला की मी मागचं कर्ण्यातलं भोंऽभों ऐकतो. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की मागं कोणी तरी डूम-डूम करत असतंच. बायको म्हणायची, "गाणं लागलं की तुमचं तोंड शोकसभेला गेल्यासारखं का व्हतं?" तिला काय सांगू?

एका पावसाळ्यानंतर टाकीत पाणी साचलं, तळाला गंज धरला. मी लोखंडातला माणूस. मला लोखंडाचा एकच शत्रू ठाऊक आहे. दानेलबाबूंना न विचारता मी माणसं लावून टाकी आतून घासली आणि जाडसर डांबर फासलं, एक बोट जाडीचं. पन्नास वर्षं गंज लागणार नव्हता. रविवारी मी मुद्दाम लवकर येऊन बसलो, त्यांचं तोंड बघायला.

ते आत गेले. "डूम."

आवाज त्यांच्या तोंडातून निघाला आणि तिथंच खाली पडला, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. पुन्हा एकदा त्यांनी सोडला. पुन्हा तसाच पडला. ते बाहेर आले, रुमालानं पाय पुसले, चपला घातल्या. "छान केलं," ते म्हणाले. "आता गंजायची नाही."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मी दोन दिल्या असत्या, चार घेतल्या असत्या, हिशेब मिटला असता. हा माणूस सायकलवर बसून निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला एवढा राग आला की मंगळवारी मी स्वतः टाकीत शिरलो. रॉकेलचा डबा, खरवडायला पट्टी, चिंध्या. माणसं म्हणाली, "सेठ, आम्ही करतो." मी त्यांच्यावर खेकसलो. उन्हात डांबर मऊ व्हायचं, सावलीत आवळायचं. तेरा दिवस मी त्या टाकीत होतो. केस चिकटले, बोटं फुटली, जेवणाला रॉकेलचा वास. रिबिटांच्या भोवतीचं डांबर चाकूच्या टोकानं काढावं लागलं. ज्या टाकीत मला बसू दिलं नव्हतं तिचं एकेक बोटभर अंग मला पाठ झालं.

तेराव्या दिवशी, रविवार होता, पत्रा उघडा झाला. आता आवाज आला की नाही ते कळायला पाहिजे. मी "डूम" करून बघितलं. माझ्या गळ्यात ते नाही. मग कोणी नाही असं बघून मी डोळे मिटले आणि हाळी घातली.

कितीतरी वर्षांनी घातली. आवाज वर गेला, फुटला, बारीक झाला, आणि त्या लोखंडानं तो उचलून धरला. मी तोंड मिटलं तरी तो फिरत राहिला. एका माणसाचे दहा झाले. मला आमची वस्ती आठवली, बाप आठवला. मी आणखी एकदा घातली.

बाहेर आलो तर दानेलबाबू माझ्याच खोक्यावर बसलेले. सायकल भिंतीला. कधी आले होते कोण जाणे. माझं तोंड डांबरानं काळं, तरी ते लाल झालेलं त्यांना दिसलं असावं. मी उभा राहिलो. ते आता काही तरी बोलतील म्हणून वाट बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "घसा बसंल. पाणी पी."

बस्स. उठले, चपला जोडून ठेवल्या, आत गेले. "डूम." टाकी पुन्हा जागी झाली होती. मी खोक्यावर बसलो, आणि त्या दिवशीही मला आत बोलावणं आलं नाही. मी विचारलं असतं? मी का विचारू? तेरा दिवस डांबर मी खरवडलं होतं.

वर्षं गेली. ते निवृत्त झाले, सायकल सुटली, रिक्षानं येऊ लागले. आवाज तसाच खोल, पण गप्प राहण्याची वेळ लांबत चालली. अंगठा पेरांवरून सावकाश सरकायचा. एका रविवारी त्यांच्याबरोबर दोघी बहिणी आल्या, रूथ आणि एस्तेर, छावणीतल्या चर्चच्या गायनातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या. दानेलबाबू चर्चमध्ये भजनाच्या खाली वेगळंच काही गुणगुणतात हे त्यांनी पकडलं होतं.

"अंकल, हे डू-वॉप आहे," रूथ म्हणाली.

"काय आहे?"

"याचं नाव डू-वॉप. तुम्हाला ठाऊक नाही?"

आख्खा जन्म गायलेल्या गाण्याचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या अमेरिकनानं सांगितलंच नव्हतं. एस्तेरनं मोबाईल काढला, थोडं शोधलं आणि एक गाणं लावलं. "आमच्या हॉस्टेलात सगळ्या ऐकतात हे," ती म्हणाली. "आजीच्या काळातलं आहे, पण भारी आहे ना?"

दानेलबाबूंनी फोन दोन्ही हातांत धरून कानाला लावला. सालोमनच्या शवपेटीचं झाकण बसलं त्यानंतर ते गाणं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आनंद दिसेल असं वाटलं होतं. ते गोंधळले.

"एवढं भरभर?" ते म्हणाले. "एवढं भरभर गायचो आम्ही?"

इतकी वर्षं एकट्यानं गाताना त्यांचं गाणं निम्म्यानं मंद झालं होतं. दुसऱ्यांसाठी सोडलेल्या जागा दर वर्षी थोड्या वाढल्या होत्या आणि सांगायला कोणी नव्हतं.

मग पोरींनी हट्ट धरला की अंकल, आपण म्हणू. ते तिघं टाकीत गेले. मी बाहेर खोक्यावर. त्यांनी रूथला समोर उभं केलं, एस्तेरला डाव्या हाताला. बशीरची जागा आणि प्रभाकरची जागा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पोरी आज सकाळी पहिल्यांदा या यार्डात आल्या त्यांना जागा, आणि मला पावसात बाहेर!

तिघांनी गायलं. चांगलं गायलं, खोटं कशाला बोलू. खालचा आवाज पहिल्यांदा कशाच्या तरी खाली आहे असं वाटलं. पण वर काही तरी उघडं राहत होतं, छप्पर न घातलेल्या घरासारखं. रूथच्याही ते लक्षात आलं. "अंकल, वरचा आवाज पाहिजे. माझी मैत्रीण आहे, तिला आणू पुढच्या वेळी?"

"नको," दानेलबाबू म्हणाले. "ती जागा आहे कोणाची तरी."

मी मनात म्हटलं, सालोमनला जाऊन चाळीस वर्षं झाली, जमिनीत तबकड्यांसकट आहे, आणि याची जागा अजून राखीव.

पोरी परीक्षा झाल्यावर नोकरीला पुण्याला गेल्या. पुन्हा दानेलबाबू एकटे. त्यांचे गुडघे गेले. टाकीच्या तोंडातून वाकून आत जाताना मी हात द्यायचो, आणि ते आत गेले की पुन्हा बाहेर येऊन बसायचो. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "भाची बोलावतेय. सिकंदराबादला. एकट्यानं आता होत नाही."

"किती दिवस?"

"आता कसले दिवस मोजायचे, सेठ. मंगळवारची गाडी आहे. तुझ्या भिंतीमागूनच जाते."

"मग?"

"मग काही नाही. जाते म्हणून सांगितलं."

"टाकीचं काय?"

"राहू दे. तुला घासायची सवय आहे."

हे बोलून ते हसले. मी हसलो नाही. मला वाटलं होतं, निदान आता तरी म्हणतील. शेवटचा रविवार होता. ते टाकीच्या तोंडाशी दोन पावलं जाऊन थांबले, मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी खोक्यावर बसून राहिलो. मग ते एकटेच आत गेले.

पुढच्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला, ते झोपेतच गेले म्हणून. मला मात्र ते त्या मंगळवारचेच आठवतात.

ती गाडी मुकुंदवाडीला थांबत नाही, पण हळू होते. सकाळपासून मी माणसांवर ओरडत होतो. गाडीची वेळ झाली तसं मी कटर बंद करायला सांगितलं. कामाच्या दिवशी यार्ड शांत झालं तशी माणसं एकमेकांकडं बघू लागली. भिंतीवरून दिसत नाही म्हणून मी टाकीवर चढलो, चपला खाली काढून.

गाडी आली. दानेलबाबू डब्याच्या दारात उभे होते, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या दांड्या धरून. मागं कोणी नव्हतं. मला बघितलं त्यांनी. त्यांचे ओठ गोल झाले. ते "डूम" होतं, पण चाकांच्या आवाजात ते माझ्यापर्यंत आलं नाही. मग उजव्या हाताचं बोट वर झालं.

मी काही ठरवलं नव्हतं. हाळी आपोआप निघाली. वर गेली, फुटली, बारीक झाली. खाली माझ्या माणसांच्या हातातली अवजारं तशीच राहिली. पायाखालच्या लोखंडातून ती तळपायाला लागली. गाडीच्या आवाजात त्यांना ती ऐकू गेली की नाही, मला ठाऊक नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही.

मी बघितलं ते एवढंच. त्या मोकळ्या दारात, जिथं दुसरं कोणीच नव्हतं, दानेलबाबू डावीकडं सरकले. वर केलेला उजवा हात पुन्हा दांडीकडं गेला नाही. त्यांच्या उजव्या हाताला, टाकीत सालोमनची जागा असायची तिथं, एक माणूस उभा राहील एवढी जागा झाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते तसेच उभे होते, आणि ती जागा रिकामी होती.